शिखर जागेवरच आहे

तालुक्यातल्या कुठल्याही फोटो स्टुडिओत जा, आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा असतोच. डब्याचं झाकण हरवलेलं असतं, आत एक मळकट पफ असतो, आणि त्या एका पफाने आख्ख्या तालुक्याचे गाल रंगवलेले असतात. कॉलेजचं ओळखपत्र असो नाही तर लग्नाचं स्थळ, माणूस आधी आरशासमोर उभा राहतो, स्वतःला जरा गोरा करून घेतो आणि मग स्टुलावर बसतो. कोणी सांगितलं? कोणीच नाही. आपल्या चेहऱ्याची ही बेअब्रू आपण आपल्याच हाताने, आणि वर फोटोचे पैसे देऊन करतो.

घोडेगावच्या पेठेतल्या विमलभाभींच्या स्टुडिओत आरसा होता, कंगवा होता. पावडरचा डबा नव्हता. त्या जागी पाण्याची बादली, साबण आणि धुतलेला पंचा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा कोटातला एक उमेदवार नवरदेव बादलीपाशी तणतणत उभा होता. घरूनच चेहरा पांढरा करून आला होता बिचारा.

"भाभी, मुलीकडच्यांना पाठवायचाय हो फोटो!"

"म्हणूनच. पावडर पुसा आधी. नंतर तोंड बघून नाही म्हणतील, त्यापेक्षा आत्ताच बघू द्या."

मला तिथल्या तिथे पत्रक सुचलं. मी पत्रकं लिहिते, तोच माझा उद्योग. दुसऱ्या दिवशी छापून घेऊन गेले. मथळा होता, 'गोरेपणाच्या गुलामीविरुद्ध घोडेगावची रणरागिणी!' भाभींनी चष्मा लावून उभ्याउभ्याच वाचलं.

"रणरागिणी कोण?"

"तुम्ही."

"मी फोटोवाली आहे. पावडर लावली की कपाळ चुन्यासारखं येतं आणि मान तव्यासारखी. मग लोक म्हणतात, भाभीला फोटो काढता येत नाही. म्हणून डबा फेकला."

मी म्हटलं, यामागे मोठं राजकारण आहे. त्या म्हणाल्या, "असेल. पण माझं नाव काढ त्यातून." आणि माझी उरलेली पत्रकं त्यांनी फ्रेमा गुंडाळायला घेतली. कितीतरी घरांत माझी क्रांती अशी काचेला ओरखडा पडू नये म्हणून पोचली. त्या दिवसापासून मी त्यांची 'पुढारीणबाई' झाले.

विमलभाभी राजस्थानातून आलेल्या जैन व्यापाऱ्यांच्या घरातल्या सून. घर कापडाचं, पिढ्यान्‌पिढ्या पेठेत. भाभींचे यजमान सुभाषभाऊ तेवढे वेगळ्या वाटेचे निघाले, त्यांनी कापडदुकानाशेजारच्या गाळ्यात स्टुडिओ टाकला. ते अचानक गेले. दिवस उलटले, आणि एका सकाळी भाभींनी डोक्यावर पदर घेऊन गाळ्याचं शटर स्वतः वर ढकललं. पेठ बघत राहिली. मोठे दीर कांतिलालशेठ तर अजून बघत होते. त्यांना तो गाळा कापडाचे गठ्ठे ठेवायला पाहिजे होता.

त्यांच्या घरात सुनेने मोठ्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी रीत. आता मी असल्या रीतींवर वेगळं पत्रक काढलंय, त्यामुळे इथे फक्त एवढंच सांगते, की त्या दोघांचं भांडण ऐकण्यासारखं असे. दोघं हातभर अंतरावर, मध्ये कोणीतरी तिसरं.

"पुढारीणबाई, भाईजींना सांग, माझ्या पायरीवर कापडाचे गठ्ठे ठेवू नका."

"तिला म्हणावं, पायरी आईची आहे."

"सांग त्यांना, मग बाईजींनाच विचारून ठेवा."

बाईजी म्हणजे भाभींच्या सासूबाई, शेठच्या आई. दुकान, गाळा, वरचं घर, सगळं त्यांच्या नावावर. त्या माडीवर माळ ओढत बसत आणि दोन्हीकडचं ऐकून गप्प राहत. शेठने मात्र जाहीर करून टाकलं होतं, की या दिवाळीला गाळा रिकामा व्हायचा.  तेव्हापासून भाभींचं शटर रोज आणखी लवकर उघडायला लागलं.

सुभाषभाऊ रिळाच्या जमान्यातले. बायकोला त्यांनी शिकवलेला धडा एकच होता, उजेड देताना हात आखडायचा नाही. रिळाला उजेड जास्त झाला तर ते पोटात घालतं, कमी झाला तर काळं तोंड करतं. भाभी या एका वाक्यावर धंद्याला उभ्या राहिल्या. पण त्यांनी जुन्नरच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडून वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला आणि तो नेमका उलट्या स्वभावाचा निघाला. उजेड जास्त झाला, की तो तेवढा भाग कायमचा कोरा पांढरा करून टाकायचा. मागाहून काही करा, तिथलं काही परत येत नाही.

"रीळ माफ करायचं," त्या म्हणायच्या, "हे जावईबापू नाही करत."

कॅमेऱ्याचं नावच जावईबापू. सगळं स्वतःच्या मनाने ठरवणार, कधी कशाने रुसेल सांगता येत नाही, आणि घरात घेतलाय म्हटल्यावर निभावून न्यायचा. त्यांच्या सगळ्या खोडी भाभींना तोंडपाठ होत्या. जावईबापूंना पांढरं दिसलं की ते घाबरतात. त्यांना वाटतं, बाप रे, केवढा उजेड! मग सगळंच अंधारून टाकतात. आपल्याकडचा माणूस तर पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर. त्यामुळे टोपी मळकी येते आणि टोपीखालचा चेहरा नाहीसाच होतो. अशा वेळी उजेड वाढवणारं प्लसचं बटण दाबून त्यांना दटावायचं. दुसरी खोड, पडदा खोटं बोलतो. उन्हात बघाल तर फोटो काळा वाटतो, आत येऊन बघाल तर लख्ख. म्हणून त्या फोटोऐवजी पडद्यावरचा उजेडाचा आलेख बघत. त्या आलेखाला त्या डोंगर म्हणायच्या. "शिवनेरी उजव्या हाताला सरकली पाहिजे. पण कड्यावरून खाली जाता कामा नये." हे एवढं मला कळलं. बाकी मी मान हलवायचे.

तिसरी खोड त्यांना महागात पडली. कॅमेरा बंद केला तरी प्लस आत तसाच राहतो. एकदा त्यांनी अंधाऱ्या माजघरात कोणाच्या तरी म्हातारीचा फोटो काढताना प्लस भरपूर वाढवला, आणि दुसऱ्या दिवशी तसाच कॅमेरा घेऊन जुन्नरला साखरपुड्याला गेल्या. भर दुपार, उघडं अंगण. आख्खं वऱ्हाड पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखं!

खरी गंमत पुढे आहे. मुलीकडचे फोटो बघून खूश झाले. "काय गोरी आलीये आमची पोरगी!" मुलाकडचे त्याहून खूश. दुसरा कोणीही फोटोवाला असता तर गुपचूप घरी गेला असता. भाभी म्हणाल्या, "गोरी आलीये, पण नाक गेलंय. नाकाशिवाय मी पोरगी देत नाही."

"अहो भाभी, पण आमची तक्रार नाही ना!"

"माझी आहे."

आणि पुढच्या रविवारी त्यांनी दोन्ही घरांना पुन्हा साड्या नेसायला लावल्या, पुन्हा अंगठ्या घालायला लावल्या. जिलेब्याही पुन्हा झाल्या. मुलगी मला नंतर भेटली. म्हणाली, पहिल्यांदा मी घाबरले होते, दुसऱ्यांदा हसत होते, तोच फोटो मोठा करून लावलाय.

लोणीचे एक आजोबा त्यांचे ठरलेले गिऱ्हाईक. आपल्याकडे म्हातारी माणसं भिंतीवरचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवतात, हार घालण्यासाठी. पोरांनी मागाहून कुठल्या तरी वरातीतला चेहरा कापून मोठा करू नये, म्हणून. आजोबा नवी टोपी घालून सुनेबरोबर आले. भाभींनी त्यांना पायरीवर उन्हात बसवलं, प्लस चढवला, फोटो काढला आणि पडदा दाखवला. जिथे उजेड फार झालेला असतो तो भाग जावईबापू पडद्यावर लुकलुकवून दाखवतात. आजोबांची टोपी काळी-पांढरी, काळी-पांढरी व्हायला लागली.

"आगं माय! टोपी डोळं का मारती माझी?"

"कागदावर नाही मारणार, आजोबा. तिथे उजेड जरा जास्त झालाय, एवढंच सांगतोय तो."

"न्हाई, न्हाई. असला फोटू नगं. मेल्यावर भितीवरनं टोपी डोळं मारीत बसंल, आन् गाव म्हणंल, म्हातारा मेला तरी चाळं गेलं न्हाईत."

सून तोंडाला पदर लावून हसत होती. भाभींनी पडद्यावरच्या टोपीवर अंगठा ठेवला. "टोपी सोडा. खाली बघा."

आजोबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "ह्यो तर आमचा आबा, माजा बाप. लई दिसानं दिसला." मग हळूच, "म्हंजी म्या आबासारखा दिसतो व्हय?"

फोटो घेऊन गेले. त्यानंतर दर वर्षी यायचे. "भाभी, अजून न्हाई मेलो. जुना फोटू शिळा झाला, ताजा काढा."

आता माझ्या गावचं, डिंभ्याचं सांगते. धरणातली मासळी विकायला आमच्या बायका पाट्या घेऊन घोडेगावच्या बाजाराला येतात. त्यांना सकाळची एसटीची गाडी पाहिजे होती. मी पत्रक काढलं, मोबाइलवर फोटो काढला. मागे चकाकणारं धरण, पुढे पाट्या घेतलेल्या बायका. छापून आलं तेव्हा धरण झकास आणि बायकांच्या जागी काळे डाग. बायकांनी पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. "ह्यात आमी कुठं गं?" मला लाज नाही वाटली, राग आला. मोबाइलचा.

भाभी स्वतःहून डिंभ्याला आल्या, जीपमध्ये हेलकावे खात, जावईबापूंना मांडीवर घेऊन. बायकांना पाण्याकडे पाठ करून उभं केलं, प्लस वाढवला, काढला. पडद्यावर सगळ्या जणी होत्या. पाटी पेललेली मान, नथ, तुटलेला दात, सगळं. मागे मात्र पांढरंफटक. धरण नव्हतंच.

"भाभी, धरण गेलं! धरण तर मुद्दा आहे!"

"गाडी कोणाला पाहिजे? धरणाला?"

मी धरणाशिवायचंच नवं पत्रक छापलं. मी सहसा मुद्दा सोडत नाही. ते घेऊन आम्ही एसटीच्या साहेबांच्या टेबलापाशी गेलो तेव्हा ते एकेका चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "या मावशी बाहेर उभ्या आहेत ना?" गाडी सुरू झाली. वेळेवर येते, असं मी म्हटलेलं नाही.

पण माणसं ठेवायची म्हणून मागचं सोडायचं, ही भाभींची सवय त्यांच्या अंगाशी येणार होती, आणि तीही दिवाळीच्या तोंडावर.

पर्युषणाचे उपास संपल्यावर जैन समाजाचा एकत्र फोटो निघतो, मंदिरासमोर, सगळे पांढऱ्या कपड्यांत. मंदिर नव्याने संगमरवरी झालेलं, शिखर तर कांतिलालशेठनी स्वतः मागे लागून कोरून घेतलेलं. आदल्या वर्षी बाहेरून मोठ्या कॅमेऱ्याचा फोटोग्राफर बोलावला होता. त्याच्या फोटोत शिखराची वेलबुट्टी न् वेलबुट्टी मोजून घ्यावी, आणि खाली समाजाच्या जागी भाजलेली वांगी. या वर्षी बाईजी माडीवरून म्हणाल्या, घरात फोटोवाली असताना बाहेरचा कशाला? शेठना नाही म्हणता येईना. त्यांनी माझ्यामार्फत निरोप दिला, "तिला म्हणावं, फोटो चांगला आला तर गाळ्याचं पुन्हा बोलू. नाही आला तर दिवाळीला किल्ली."

मलाही बोलावणं आलं. "तुझा आवाज मोर्चात चालतो, तो इथे चालव. मला ओरडता येत नाही, समोर सगळे सासरचे."

सकाळचा सूर्य शिखराच्या मागे होता. भाभी मला म्हणाल्या, "भाईजींना सांग, संध्याकाळी काढू, तोंडावर ऊन येईल." शेठ म्हणाले, "तिला म्हणावं, संध्याकाळी अर्धी पेठ दुकानावर असते." झालं. तेव्हाच काढायचा. पांढरं मंदिर, पांढरे कपडे, पांढरं आभाळ, आणि चेहरे सगळे सावलीत. जावईबापूंना घाबरवायला याहून जास्त काही लागत नाही. फ्लॅश एवढ्या लांब पोचणार नव्हता.

भाभींनी एक फोटो काढला, डोंगर बघितला. पुन्हा एक. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "शिखर ठेवू का माणसं?"

मी म्हटलं, "भाभी, गाळा ठेवा."

त्या हसल्या आणि प्लस चढवत नेला. मी ओरडत होते, "ओ काका, मान वर! मावशी, पदर मागं! शेठ, हसा, भाषण नाही करायचंय!" पुढच्या रांगेत खुर्चीवर बाईजी होत्या. माझ्या तोंडाचा पट्टा बघून त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना, आणि त्यांच्यामुळे आख्खी रांग हसायला लागली. तेवढ्यात भाभींनी बटण दाबलं.

मोठा करून, फ्रेम करून फोटो कापडदुकानात आला. गादीवर टेकवून ठेवला. मंडळी जमली. आधी सगळे आपापला चेहरा शोधत होते, "हा बघ मी, हा बघ तू", मजेत. मग शेठचा आवाज आला.

"शिखर कुठे आहे?"

शिखर नव्हतं. खांबही अर्धेमुर्धे. सगळं मंदिर आभाळात विरघळून गेलेलं, आणि त्या पांढऱ्यातून माणसंच माणसं बाहेर आलेली. कोणी घसा खाकरला. शेठ माझ्याकडे वळले. "तिला विचार, शिखर कुठे आहे?"

मी भाभींकडे वळले. त्या दुकानाच्या दारात होत्या. त्यांनी पदर नीट केला, मला हाताने बाजूला केलं आणि दोन पावलं पुढे आल्या.

"शिखर मी घालवलं, भाईजी. मुद्दाम."

दुकानात मापाची गजपट्टी कोणाच्या तरी हातातून खाली पडली, ती उचलायला कोणी वाकलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सून मोठ्या दिराशी बोलली होती.

"दोन्ही येत नव्हतं," भाभी म्हणाल्या. "एक सोडायचं होतं. शिखर जागेवरच आहे, बाहेर जाऊन बघा. उद्या काढता येईल, पुढच्या वर्षी काढता येईल. ही माणसं पुढच्या वर्षी एवढीच्या एवढी उभी राहतील का?"

मागून काठीचा आवाज आला. बाईजी जिना उतरत होत्या, माळ मनगटाला गुंडाळून. मंडळी बाजूला झाली. त्यांनी फोटोला जवळजवळ नाक लावलं.

बाईजी रंगाने काळ्या. तरुणपणी त्यावरून काय काय ऐकलं असेल ते मी सांगायला नको. घरातल्या प्रत्येक फोटोत त्यांच्या जागी पांढऱ्या पदराची चौकट असायची आणि चौकटीत अंधार. नातवंडं चिडवायची, बाईजींचा फक्त पदर येतो. या फोटोत त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि ते काढलंच नाही.

"दात दिसतात की माझे," त्या म्हणाल्या. "विमल, मी एवढी हसते?"

"त्या दिवशी हसलात."

"पावडर घातलीस?"

"नाही, बाईजी."

म्हाताऱ्या बाईने मान हलवली, स्वतःशीच. मग फोटोकडेच बघत मुलाला म्हणाली, "कांती, कापडाचे गठ्ठे माडीवर ठेव. माझ्या खोलीत जागा आहे."

एवढंच. कुठल्याही आंदोलनाची मागणी एवढ्या कमी शब्दांत मान्य झालेली मी पाहिलेली नाही.

मंडळींनी मात्र शिखराचा हट्ट सोडला नाही. मग भाभींनी दुसऱ्या दिवशी एकट्या शिखराचा फोटो काढून दिला, कोरीवकाम लख्ख, चिटपाखरू नाही. आता दुकानात दोन्ही फ्रेमा शेजारी शेजारी आहेत. एकीत मंदिर आहे, माणूस नाही. एकीत माणसं आहेत, मंदिर नाही. पाहुणे गोंधळतात. पाहुण्यांना गोंधळू दे.

पुढे मी कामासाठी जुन्नरला राहायला गेले. घोडेगावला जाणं कमी झालं. मध्ये बाईजी गेल्या. त्यानंतर गेले तेव्हा स्टुडिओच्या भिंतीवर त्याच फोटोतल्या बाईजी होत्या, एकट्या, मोठ्या केलेल्या, हार घातलेल्या, दात दाखवत. मागे नुसता पांढरा उजेड. एक गिऱ्हाईक विचारत होतं, "भाभी, हा पांढरा पडदा कुठला? मला पण असाच पाहिजे."

"पडदा नाही, मंदिर आहे," भाभी म्हणाल्या. "आधी पावडर पुसा."

जास्त बोलणं झालंच नाही. गिऱ्हाइकं होती, आणि माझी गाडी, तीच ती आमची भांडून मिळवलेली, आता पुढे जुन्नरपर्यंत जाणारी, त्या दिवशी नेमकी वेळेवर आली. मी खिडकीशी बसले. पेठेत गर्दी, गाडी मुंगीच्या चालीने स्टुडिओसमोरून निघाली. भाभी रस्त्यावर उतरल्या होत्या. एका कुटुंबाला भर उन्हात पायरीवर उभं केलेलं, ऊन मागून, चेहरे सावलीत. आणि त्यांच्यासमोर कांतिलालशेठ दोन्ही हात उंच करून मांजरपाटाचं पांढरं कापड ताणून उभे, म्हणजे कापडावरचं ऊन चेहऱ्यांवर पडावं.

"भाईजी, जरा डावीकडे!" भाभी ओरडल्या. थेट. मध्ये कोणी नाही.

"लवकर कर गं, गिऱ्हाईक थांबलंय माझं!"

"आणखी वर! चेहरे अजून अंधारात आहेत!"

शेठनी कापड आणखी वर धरलं. ऊन त्यावर असं काही पेटलं, की शेठ कापडामागे पार दिसेनासे झाले. वरच्या काठावर त्यांची बोटं तेवढी उरली. आणि पायरीवरच्या त्या सगळ्या माणसांचे चेहरे एकदम दिसायला लागले.